एव्हरक्वेस्टमध्ये नवीन आहात? आधी मरण सांभाळायला शिका

मागच्या अंकात जुन्या ऑनलाइन रोलप्लेइंग गेम्सबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली बहुतेक पत्रं एव्हरक्वेस्टबद्दलचीच निघाली, म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा गेम मार्च १९९९ मध्ये आला. मूळ गेम अजून चालू आहे पण तो आता खूप बदललाय. जुनं, कडक रूप खेळायचं असेल तर प्रोजेक्ट १९९९ नावाचा सर्व्हर आहे, तो स्वयंसेवक चालवतात, फुकट आहे, २००९ पासून सुरू आहे आणि २०१५ मध्ये गेमची मालक कंपनी डेब्रेकसोबत त्यांचा लेखी करारसुद्धा झालाय, त्यामुळे चोरून खेळतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही. त्याला गेमची जुनी टायटॅनियम आवृत्ती लागते. खालचे सगळे प्रश्न ह्याच जुन्या रूपाबद्दलचे आहेत.

ताई, मी आत्तापर्यंत नवे गेम्स खेळलोय, तिथे नकाशा असतो, बाण असतो, कुठे जायचं ते कळतं. इथे कॅरेक्टर बनवलं, शहरात उभा राहिलो आणि पुढे काहीच नाही. कोणाशी बोलायचं, काय मारायचं, काहीच सांगत नाहीत. सुरुवात कुठून करू?

बॅगेतून कर. तुझ्या सामानात एक चिठ्ठी असते, ती उघडून वाच, त्यात तुझ्या गिल्डमास्टरचं, म्हणजे तुला शिकवणाऱ्या गुरूचं नाव असतं. त्याला शोधायचं आणि चिठ्ठी उचलून त्याच्या अंगावर टाकून द्यायची, म्हणजे देवाणघेवाणीची खिडकी उघडते. बदल्यात अंगरखा मिळतो. चिठ्ठी दुसऱ्याच कोणाला दिलीस तर तो ठेवून घेतो, परत देत नाही, आणि हे फक्त चिठ्ठीचं नाही तर पुढे प्रत्येक क्वेस्टच्या वस्तूचं असंच आहे, म्हणून द्यायच्या आधी समोरच्याचं नाव दोनदा वाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे गिल्डमास्टरसमोर जायच्या आधी कर. कीबोर्डवरचं 'ए' बटण म्हणजे ऑटो अटॅक. गिल्डमास्टरला टार्गेट करून 'हेल' टाइप करायचं असतं आणि आधी एंटर दाबायचं राहिलं तर त्या शब्दातला 'ए' दाबला जातो, तुझं कॅरेक्टर गुरूवरच तलवार उगारतं आणि तो एका फटक्यात तुला मारतो. हे इतक्या जणांचं झालंय की जुने खेळाडू नव्याला पहिलं वाक्य हेच सांगतात. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो अटॅक दुसऱ्या बटणावर टाक, लांबच्या, चुकून न लागणाऱ्या.

मग दर लेव्हलला मिळणारे ट्रेनिंग पॉइंट गिल्डमास्टरकडे वापर. त्यात सेन्स हेडिंग नावाचं एक स्किल आहे, त्याला एक पॉइंट टाक आणि मग चालताना ते बटण सतत दाबत राहा, ते हळूहळू वाढतं आणि तुझं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगतं. नकाशा खरंच नाहीये. 'लॉक' कमांड दिली की तू उभा आहेस तिथले आकडे मिळतात, ते कागदावर लिहायची सवय लाव. वही आणि पेन शेजारी घेऊन बस, ह्या गेममध्ये ते तलवारीइतकं उपयोगी आहे.

मग गेटबाहेर जा. उंदीर, साप, वटवाघळं, हाडाचे सापळे असं काहीतरी फिरत असेल. मारायच्या आधी प्रत्येक वेळी 'सी' दाब, ह्याला सगळे 'कॉन करणं' म्हणतात. अक्षरं हिरवी आली तर तो इतका कमजोर की एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळणार नाहीत, निळी आली तर तुझ्याहून कमी, पांढरी म्हणजे बरोबरीचा, पिवळी म्हणजे वरचा, लाल म्हणजे पळ. पांढरा म्हणजे सोपा असं नव्या गेम्सच्या सवयीने वाटतं पण इथे बरोबरीचा मॉब, म्हणजे गेममधला शत्रू, एकट्याला बरेचदा मारतोच, निळ्यांवरच राहा. कॉन केल्यावर तो तुझ्याकडे कसा बघतो तेही लिहून येतं, ते रंगाइतकंच बघ. तो तुझ्यावर डोळे वटारतोय असं आलं तर तू हात न लावताही तो अंगावर येणार.

मी वॉरियर घेतला कारण ताकदवान असेल असं वाटलं. आता प्रत्येक मारामारीनंतर खूप वेळ बसून राहावं लागतं तब्येत भरायला. माझी निवड चुकली का? चौदा क्लासमधून, म्हणजे कॅरेक्टरच्या प्रकारांतून, नव्याने घ्यायचा असेल तर कुठला?

निवड चुकली नाही पण वॉरियर हा ग्रुपचा क्लास आहे. पहिल्या काही लेव्हल कशाबशा एकट्याने निघतात, पुढे हील करणारं, म्हणजे मंत्राने तब्येत भरून देणारं, कोणी नसेल तर हाल आहेत, आणि त्याची ताकद बरीचशी अंगावरच्या सामानावर अवलंबून असते जे नव्याकडे नसतं. सोबत रोज खेळणारा मित्र असेल तर ठेव. बँडेज विकत घे आणि बाइंड वूंड स्किल वापर, ते अर्ध्या तब्येतीपर्यंतच भरतं पण बसून राहण्याचा वेळ वाचतो. खाणं आणि पाणी बॅगेत आहे ना तेही बघ, ते संपलं की तब्येत भरणं मंदावतं आणि नव्या माणसाला कळतही नाही का.

नव्याने घ्यायचा असेल तर माझं स्पष्ट मत आहे, पहिलं कॅरेक्टर ड्रुइड घे. मॉबला स्नेअर करून त्याचे पाय जड करता येतात, थोडंफार हील येतं, पळायचा वेग वाढवणारा स्पिरिट ऑफ द वुल्फ येतो, पुढे टेलिपोर्ट येतो, म्हणजे एकटा असलास तरी चालतं आणि लोकांना तू हवाही असतोस. शमन पण छान पण सुरुवातीला सावकाश. नेक्रोमॅन्सर एकट्याने खेळायला सगळ्यात मजबूत, पण त्याला चांगल्या लोकांच्या शहरांत पाऊल ठेवता येत नाही, पहारेकरी बघता क्षणी मारतात. मॅजिशियन सोपा, पाळलेला पेट पुढे आणि तू मागे. एन्चांटर जाणकाराच्या हातात सगळ्यात भारी आणि नवख्याच्या हातात सगळ्यात नाजूक, दुसरं कॅरेक्टर म्हणून घे. बार्डला लढता लढता सारखी गाणी बदलत राहावी लागतात, बोटं दुखतात, तयारी असेल तरच. क्लेरिक घेतलास तर एकट्याने कंटाळशील पण ग्रुप कधी कमी पडणार नाही.

जातीबद्दल पण विचार कर. इक्सार आणि ट्रोलची तब्येत लवकर भरते ही मोठी सोय आहे, पण दोघांना लेव्हल चढायला जास्त एक्सपी लागतो, आणि इक्सारला तर त्याच्या कॅबिलिस शहराबाहेर जवळपास सगळं जग शत्रू मानतं. माणूस, बार्बेरियन आणि एरुडाइटला रात्री नीट दिसत नाही, कंदील किंवा मशाल जवळ ठेवावी लागते. आणि कॅरेक्टर बनवताना जे जास्तीचे पॉइंट मिळतात ते नंतर बदलता येत नाहीत, घाईघाईत वाटू नकोस. ड्रुइड, शमन, क्लेरिकला विस्डम, विझार्ड, मॅजिशियन, नेक्रोमॅन्सर, एन्चांटरला इंटेलिजन्स, समोर उभं राहून मार खाणाऱ्याला स्टॅमिना.

ताई, मी रडकुंडीला आलेय. ब्लॅकबरो नावाच्या गुहेत गेले, आत खोल मेले, आणि परत शहरात उभी राहिले तेव्हा अंगावर काहीच नव्हतं. तलवार, बॅग, पैसे सगळं माझ्या शवावर आहे. परत गेले तर परत मेले. आता तिथे माझी दोन शवं आहेत. गेम सोडून द्यावासा वाटतोय.

सोडू नकोस. हे सगळ्यांचं होतं, आणि जे शिकायचं आहे ते इथेच आहे. गेला असेल तर थोडा एक्सपी गेलाय, सामान कुठेही गेलेलं नाही, ते शवावर आहे आणि दुसरं कोणी ते लुटू शकत नाही. शव कायमचं मात्र राहत नाही, कुजलं की सामानासकट जातं, म्हणून फार दिवस लांबवू नको, पण आज रात्रीच आणलं पाहिजे असंही नाही. घाबरून लगेच परत धावणं हेच दुसऱ्या शवाचं कारण असतं.

आता काय करायचं ते सांगते. ब्लॅकबरोच्या बाहेर, केनोस हिल्सच्या बाजूला जा, आत जाऊ नको. तिथे कायम कोणी ना कोणी असतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार, माझं शव आत अमुक मजल्यावर आहे, कोणी ओढून आणायला मदत करेल का. एवढंच, सरळ. जो हो म्हणेल त्याच्या नावाने 'कन्सेंट' कमांड दे, म्हणजे त्याला तुझं शव ओढायची परवानगी मिळते, तो 'कॉर्प्स' कमांडने ते थोडं थोडं करत बाहेर घेऊन येतो. ओढता येतं, लुटता येत नाही, त्यामुळे अनोळखी माणसाला परवानगी द्यायला घाबरू नको. लोक हे मनापासून करतात कारण प्रत्येकासाठी कधी ना कधी कोणीतरी केलेलं असतं. मोठ्या लेव्हलचे नेक्रोमॅन्सर शव मंत्राने आपल्यापाशी बोलावू शकतात, आणि मोठा क्लेरिक भेटला तर तो रेझ देतो, म्हणजे मंत्राने शवापाशी परत उठवतो, आणि गेलेल्या एक्सपीमधला बराचसा परत येतो, म्हणून सामान काढून झालं तरी आधी विचार की आसपास रेझ देणारं कोणी आहे का.

पुढच्या वेळेसाठी, कारण पुढची वेळ येणारच आहे. बँकेत एक जादा शस्त्र आणि थोडे पैसे ठेव, म्हणजे उघडं परतायची वेळ येत नाही. नव्या जागी जाताना आत शिरायच्या आधी 'लॉक' घेऊन लिही, आणि आत वळताना परत लिही. तू कुठे बाइंड आहेस हे नेहमी माहीत पाहिजे कारण मेल्यावर तू तिथेच उठणार, आणि लढणाऱ्या क्लासना शहरातच बाइंड होता येतं, तेही मंत्र येणाऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावं लागतं. लांब नव्या भागात राहायला जातेस तर जवळच्या शहरात बाइंड मागून घे, लोक फुकट करून देतात.

आणि ब्लॅकबरोसारख्या जागी खोल जायचंच नाही सुरुवातीला. दाराजवळ राहायचं, एकेक नोल, म्हणजे तिथला कुत्रतोंड्या शत्रू, बाहेर ओढायचा. तब्येत कमी झाली की मॉब पळतो आणि पळत जाऊन भावंडांमध्ये घुसतो आणि चार घेऊन येतो, नव्याचं मरण बहुतेक वेळा ह्यातूनच येतं. तो पळू लागला की मागे धावू नको, स्नेअर किंवा रूट (जागीच खिळवणारा मंत्र) असेल तर आधीच टाकून ठेव, नसेल तर जाऊ दे आणि दाराकडे सरक. झोनची, म्हणजे त्या भागाच्या हद्दीची, रेघ ओलांडली की मागे लागलेले मॉब पलीकडे येत नाहीत. फक्त तू पळताना मागे रांग लागली असेल, ज्याला ट्रेन म्हणतात, तर जोरात 'ट्रेन' म्हणून ओरड, कारण तू रेघेपलीकडे सुटतेस आणि ती रांग दारात बसलेल्या बिचाऱ्यांवर तुटून पडते. हे न सांगता पळणं हा इथला सगळ्यात मोठा उद्धटपणा समजतात.

मला हा गेम का आवडतो ते इथेच सांगून टाकते. नव्या गेम्समध्ये मेलं की दहा पावलांवर उठतो, त्यामुळे मरणाला किंमत नाही आणि म्हणून शेजारच्या माणसालाही किंमत नाही, त्याच्याशिवाय सगळं होतं. इथे एकट्याने होत नाही असंच बनवलंय, मुद्दाम, आणि म्हणून ज्याने शव ओढून आणलं त्याचं नाव वर्षांनंतर आठवतं. अवघडपणा हा गेमचा दोष समजून त्याच्याशी भांडलीस तर थकशील, मदत मागायला लागलीस की तोच गेम वेगळा वाटतो.

मी वयाने मोठा आहे, नोकरी आणि घर सांभाळून दिवसाला तासभर मिळतो, तोही सलग मिळेल असं नाही. असा माणूस हा गेम खेळू शकतो का? की हे मुलांचं काम आहे?

तुम्ही नक्की खेळू शकता, आणि तुमच्यासारखे खूप जण तिथे आहेत, १९९९ मध्ये जे विशीत होते तेच आज परत आलेत. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे एकट्याने चालणारा क्लास घ्या, ड्रुइड, नेक्रोमॅन्सर किंवा मॅजिशियन, म्हणजे ग्रुप जमेपर्यंतच तुमचा तास संपणार नाही. दुसरं, उठायचं असेल तर गेम नुसता बंद करू नका. बसून 'कॅम्प' कमांड द्यायची, अर्ध्या मिनिटाने कॅरेक्टर सुरक्षित बाहेर पडतं. खिडकी तशीच बंद केली तर कॅरेक्टर थोडा वेळ तिथेच उभं राहतं आणि तेवढ्यात कोणी येऊन मारून जातं. म्हणून घरात हाक येण्याची शक्यता असेल त्या दिवशी झोनच्या रेघेजवळ किंवा पहारेकऱ्यांजवळच खेळा.

मंत्रांचे क्लास घेतलेत तर बसण्याचा वेळ खूप असतो, सुरुवातीच्या लेव्हल्सना माना, म्हणजे मंत्रांसाठी लागणारी शक्ती, भरायला मंत्रांचं पुस्तक उघडं ठेवून बसावं लागतं आणि समोरचं दिसत नाही. त्या वेळात चहा, फोन, घरातली कामं होतात, पण बसण्याची जागा नीट बघून घ्या. लेव्हल तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस ह्यांना 'हेल लेव्हल' म्हणतात, तिथे एक्सपीची पट्टी हलता हलत नाही, तेव्हा तुमच्यात काही कमी पडलंय असं समजू नका, त्या तशाच आहेत.

ग्रुपमध्ये घेतात पण दोनदा लोक चिडले माझ्यावर. मी विझार्ड आहे, जोरात मारतो, मग चिडायचं कारण काय?

जोरात मारतोस हेच कारण असणार. ग्रुप सहा जणांचा असतो आणि मॉबचा राग टँकवर, म्हणजे समोर उभं राहून मार खाणाऱ्यावर, बसायला थोडा वेळ लागतो, त्याच्या आधी तू मोठा मंत्र टाकलास की मॉब वळून तुझ्याकडे येतो, तुझ्या अंगावर कापड, क्लेरिक तुला हील करत बसतो आणि माना संपतो. टँकला थोडा वेळ दे, मॉबची तब्येत बरीच उतरू दे, मग मार. दुसरं, 'असिस्ट' कमांड वापर, म्हणजे टँक ज्याला मारतोय तोच तुझा टार्गेट होतो. एन्चांटरने दोघातिघांना मेझ करून गप्प उभं केलेलं असतं, त्यातल्या एकाला जरी तुझा मंत्र लागला तरी तो जागा होतो, आणि लोक बहुतेक ह्याच्यावरच चिडले असतील. तिसरं म्हणजे बसणं. लढाई चालू असताना मॉबजवळ बसलास तर त्याचा राग तुझ्याकडे लवकर वळतो, माना भरायला थोडं लांब जाऊन बस.

कुठे नवीन आला असशील तर 'कॅम्प चेक' म्हणून विचारायचं, कोण कुठल्या जागेवर बसलंय ते लोक सांगतात, त्यांच्या जागेवरचं मारायचं नाही. आणि माना संपत आला की सांग, गप्प राहू नको. ग्रुपला कमी मारणारा माणूस चालतो, न बोलणारा चालत नाही.

पैसे कसे कमवायचे? मंत्र विकत घ्यायलाही पुरत नाहीत.

सापळ्यांकडून मिळणारी हाडं, बोन चिप्स, दुकानात विकू नको. नेक्रोमॅन्सरना पेट बोलवायला ती सतत लागतात, ते दुकानापेक्षा कितीतरी चांगला भाव देतात. कोळ्यांचं रेशीम शिवणकाम करणारे घेतात. क्रशबोनच्या ऑर्कचे पट्टे मिळाले तर विकू नको, कालाडिम ह्या बुटक्यांच्या शहरात नेऊन दे, लहान लेव्हलला त्याचा एक्सपी मारामारीपेक्षा बरा मिळतो. केनोसच्या बाजूला असशील तर तिथे नोलचे दात घेतात. नाण्यांना वजन असतं, दहा तांब्याचं एक चांदी, दहा चांदीचं एक सोनं, दहा सोन्याचं एक प्लॅटिनम, बँकेत जाऊन मोठी करून घेत जा नाहीतर त्या ओझ्यानेच चाल मंदावते. आणि मंत्र सगळे घ्यायचे नसतात, जे रोज वापरणार तेच आधी घे.

मी वुड एल्फ ड्रुइड, केलेथिनमध्ये आहे. माझी मैत्रीण फ्रीपोर्टला आहे. तिच्यापर्यंत कशी पोहोचू? मी अजून लहान लेव्हलची आहे.

आधी केलेथिनमधून नीट खाली उतर, ते शहर झाडांवर आहे आणि कडेला कठडे नाहीत, लिफ्टनेच उतर, गप्पा मारत चालू नको. ग्रेटर फेडार्कमधून बुचरब्लॉक डोंगरात जायचं, तिथे रस्ता धरून राहा. मध्ये बुद्धिबळाचा मोठा पट दिसेल, तिथे सापळे असतात, लांबून वळसा घे. रस्त्यात कोणी शमन किंवा ड्रुइड दिसला तर स्पिरिट ऑफ द वुल्फ माग, तेवढ्यावर निम्मे धोके मागे राहतात. बंदरावर बोट येते, ती ओशन ऑफ टिअर्समधून फ्रीपोर्टला जाते. वाटेत बेटांजवळ थांबते तिथे उतरू नको आणि बोटीच्या कडेला उभी राहू नको. घाई असेल तर विझार्ड किंवा मोठा ड्रुइड पैसे घेऊन टेलिपोर्ट करतो, नवीन आहेस असं सांगितलंस तर बरेचदा तसंच सोडतो.

फ्रीपोर्टच्या बाहेर ईस्ट कॉमनलँड्स आहे, त्यातल्या बोगद्यात सगळ्या सर्व्हरचा बाजार भरतो. मैत्रिणीला तिथेच भेटायला सांग, गर्दी असते, बाइंड मिळतो, आणि तुझ्या बोन चिप्सना गिऱ्हाईकही तिथेच मिळेल.